सरनोबतांचा निकाल कठड्यावर बसून कसा लावावा

शिवाजी महाराजांचे सरनोबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजर यांच्यावर मत ठोकायचं असेल, तर एक पथ्य पाळा. ते जिथं पडले त्या नेसरीला जाऊ नका. गडहिंग्लज ओलांडून तिथवर जाण्यात दिवस मोडतो आणि खिंड बघितली की नसत्या शंका येतात. इथं घोडे किती शेजारी मावतील, पुढचे भिडले तर मागच्यांना कधी कळेल, वगैरे. त्यापेक्षा रंकाळ्याचा कठडा आणि भडंगाचा पुडा बरा.

सुरुवात उमराणीपासून करा. एप्रिल १६७३, समोर आदिलशाही सरदार बहलोलखान. ‘कोंडलेला बहलोलखान सोडला, घोडचूक!’ एवढं म्हणून थांबा. कोंडला कसा, ते सांगत बसू नका. जत भागातलं ऊन, त्यात पाणवठाच तोडलेला. असल्या उन्हात घोड्याला दिवसाकाठी चाळीसेक लिटर पाणी लागतं, हत्तीला दीडशेच्या वर. अशी फौज संध्याकाळपर्यंत शरण येणारच. हे सांगितलंत तर ऐकणारा म्हणेल, माणूस हुशार दिसतोय, आणि तुमचा मुद्दा बसलाच. तसा महाराजांचा राग रास्तच होता. खान वर्षाच्या आत परत आला. ‘सला काय निमित्त केला?’ हा त्यांचा तहाबद्दलचा सवाल बखरकार सभासदानं नोंदवलाय, आणि खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका हा हुकूमही.

आता २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र, नेसरीची खिंड. प्रतापराव रागाच्या भरात फक्त सहा स्वार घेऊन खानावर धावले, हा सातांचा आकडा इथं येतो आणि खरी कसरत सुरू होते. सभासद वीसेक वर्षांनी लिहितो, तो मोठं युद्ध झालं म्हणतो. सात जणांचं नावही काढत नाही. म्हणजे सात ही नंतरची भर, असं म्हणून तुम्ही टाळी घेणार, तेवढ्यात नारायण शेणवी आडवा येतो. हा इंग्रजांचा दुभाषा. एप्रिल १६७४ च्या, म्हणजे जेमतेम दीड महिन्यानंतरच्या त्याच्या पत्रात दोन डोंगरांमधली अरुंद जागा आहे, सहा स्वार आहेत आणि बाकीची फौज मदतीला न पोचल्याचंही आहे. हे पत्र कुणालाच सोयीचं नाही. सहा स्वार आहेत म्हणून शंकेखोर गप्प. पण मागं फौज होती, म्हणजे ‘सातच निघाले’ म्हणणाऱ्यांचीही पंचाईत. तेव्हा ते वाचूच नका. सहा जणांची नावं मात्र फलकावर ठळक छापा. पत्रात ती नाहीत, पण कोण तपासतंय?

मागची फौज का पोचली नाही, हा प्रश्न तर अजिबात काढू नका. अरुंद वाटेत घोडदळ लांबत जातं. म्होरक्यानं टाच मारली की पुढची टोळी आणि मागची रांग यांत अंतर पडतं, आणि ते भरून निघेपर्यंत पुढं जे व्हायचं ते झालेलं असतं. सेनापतीची चूक शोधायचीच तर ती इथं सापडेल. पण ह्यावर स्टेटस होत नाही.

कुणी औरंगाबाद काढली तर विषय बदला. महाराजांचा मोगलांशी तह होता त्या काळात हेच प्रतापराव मोगली चाकरीत फौज घेऊन तिथं होते. पकडायचा बेत शिजतोय म्हटल्यावर सगळी फौज घेऊन सुखरूप निसटले. आततायी माणूस असं करत नाही, आणि मग तुमचं ‘रागाच्या भरात’ लंगडं पडतं. साल्हेरही टाळा. १६७२ मध्ये प्रतापराव आणि मोरोपंत पेशव्यांनी उघड्या मैदानात मोगली फौज मोडली खरी, पण ते पडलं नाशिककडच्या बागलाणात. आपल्या भागातलं थोडंच आहे?

पन्हाळा मात्र आपलाच, त्यामुळे नेताजी पालकरांवर बोलायला हरकत नाही. १६६६ मध्ये तिथल्या हल्ल्यात ते वेळेवर पोचले नाहीत म्हणून सरनोबती गेली, आणि ती प्रतापरावांकडे आली. एक उशिरा पोचला म्हणून वाईट, दुसरा फार लवकर पोचला म्हणून. वेळेवर कधी पोचायचं, ते कठड्यावरून तुम्हीच सांगा.

प्रतापराव पडल्यावर महाराज ‘आज एक बाजू पडली’ म्हणाले, असं सभासद सांगतो. पुढं त्यांनी प्रतापरावांची मुलगी राजारामांसाठी सून करून घेतली. हे शेवटी कुणी विचारलंच, तर भडंगाचा पुडा पुढं करा.