सिंधी पुढे गेले, आपण राहिलो: हिशेब मांडण्याची इंदुरी रीत

हा विषय रिकाम्या पोटी काढू नये. पोह्यांवर शेव पडली, जीरावन भुरभुरलं, पहिला घास घशाखाली उतरला, की समोरच्या सिंध्याच्या चकचकीत दुकानाकडे हनुवटीने खूण करायची आणि म्हणायचं, "सत्तेचाळीसला अंगावरच्या कपड्यांनिशी आले होते हे लोक. आणि आपण?" 'आपण' म्हटल्यावर थांबायचं. पुढचं बाकीचे बोलतात. इंदुरात रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत ज्याला हे वाक्य पुरं करता येत नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. पण हल्ली नुसत्या उसाशावर भागत नाही, घरातली पोरं आकडे मागतात. तेव्हा तुलना रीतसर मांडायला शिका, आणि उत्तर मात्र पोहे संपायच्या आत ठरलेलंच निघेल अशी मांडा.

सुरुवातीचं साल सगळ्यात महत्त्वाचं. त्यांचं साल १९४७ धरायचं, त्यावर वाद नाही. आपलं साल सांगायच्या भानगडीत पडायचं नाही. सांगायला गेलात तर मल्हारराव होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या पथकांपासून, म्हणजे अठराव्या शतकापासून सांगावं लागेल. मग १८१८ चा इंग्रजांशी झालेला मंदसौरचा तह येईल, इंदूर राजधानी झाली ते येईल, मोडीतली दप्तरं, इनामं, कमाविसदाऱ्या, राजवाड्याच्या आसपासचे वाडे, सगळं ओघाने येईल. एवढ्यात कोणी तरी बोटं मोजून म्हणेल की म्हणजे आपल्याला दोनशे वर्षांची आघाडी होती! ते टाळायचं असेल तर त्यांचं घड्याळ घराला कुलूप लावून निघाले त्या क्षणी सुरू करा आणि आपलं घड्याळ खिशातच ठेवा.

आणखी एक अडचण आहे, ती कोणाच्या लक्षात आणून देऊ नका. होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं १९४८ मध्ये. म्हणजे त्यांचा सिंध गेला आणि आपला दरबार गेला, यात वर्षाचंही अंतर नाही. फरक असा की त्यांचं गेलेलं एका रात्रीत दिसलं. आपलं दिसायला पेन्शनी संपाव्या लागल्या. १९५१ च्या कायद्याने जहागिरी गेल्या, १९५६ ला मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपूरला गेलं. समजूत घालायला लोकसेवा आयोग इंदूरला दिला आणि महालेखाकार ग्वाल्हेरला. ज्या घरातला हुशार मुलगा कचेरीतच जायचा त्या घरावर याचा परिणाम काय झाला असेल, हा विषय खरा तर मोठा आहे, पण त्यात दुकानाच्या पाटीकडे हनुवटी करता येत नाही. सोडून द्या.

आता त्यांच्या भांडवलाकडे. इथे दोन वाक्यं पाठ हवीत. एक: "शून्यातून उभे राहिले." दुसरं: "सरकारने त्यांना सगळं दिलं." दोन्ही एकाच बैठकीत वापरता येतात, मध्ये फक्त चहा यावा लागतो. खोलात कोणी शिरलंच तर तपशील असा आहे की पंजाब-बंगालसारखी सिंधची फाळणी झालीच नाही, अख्खा प्रांत पलीकडे गेला. इकडे त्यांच्या भाषेचा एक तालुकाही उरला नाही. सोडून आलेल्या घरा-जमिनीचे दावे तपासायचा कायदा १९५० चा, भरपाईचा १९५४ चा. ह्यालाच म्हाताऱ्या लोकांच्या बोलण्यात 'क्लेम' म्हणतात. क्लेम लागायचा तो स्थावर मालमत्तेवर. दुकानातला माल, गल्ल्यातली रोकड, वसूल न झालेली उधारी तिकडे राहिली ती राहिली. भाड्याच्या घरातला कारकून किंवा गुमास्ता आला त्याच्या नावावर क्लेमच नव्हता. आणि ज्याचा दावा मोठा त्याला हाती आलेला वाटा, टक्केवारीने, लहान. तेव्हा 'सगळं दिलं' म्हणताना आवाज जरा बारीक ठेवा.

'शून्यातून' म्हणताना मात्र आवाज खणखणीत ठेवायला हरकत नाही, कारण ते खोटं आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. सिंधमधल्या शिकारपूरच्या सराफी पेढ्या बुखाऱ्यापर्यंत पैसे फिरवायच्या. मुंबईच्या बाजारात मुलतानी हुंडी म्हणून जी चालायची ती बहुतेक शिकारपुरी सराफांचीच. हैदराबाद सिंधचे 'भाईबंद' म्हणवणारे व्यापारी सिंगापूर-कैरोपर्यंत दुकानं थाटून होते. गाठोड्यात हे मावत नाही म्हणून निर्वासित म्हणून उतरताना दिसलं नाही इतकंच. कोणाच्या शब्दावर माल द्यायचा आणि कोणाला रोखीशिवाय हात लावू द्यायचा नाही, ही माहिती सीमेवर कोणी उतरवून घेत नाही.

त्यांच्यात आमिलही होते. हे सिंधवर राज्य करणाऱ्या मीरांच्या दरबारातले आणि पुढे इंग्रजांच्या कचेरीतले कलमबहाद्दर. हिशेब, फारसी, नंतर इंग्रजी, मुलांना वकिली नाही तर डॉक्टरी, आणि दुकानदाराकडे बघताना किंचित वर उचललेली भुवई. ओळखीचं वाटतंय? आमिलांचं नाव काढू नका. काढलंत तर 'धंदा त्यांच्या रक्तातच आहे' हे वाक्य कायमचं बाद होतं आणि त्याच्याशिवाय बैठक रंगत नाही.

रक्ताचाच विषय निघाला तर 'सावकारी मराठी माणसाला जमत नाही' हेही येणारच. तेव्हा मंदसौरच्या तहावर होळकरांतर्फे ज्यांनी बोलणी केली ते तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे, हे पेढीवाले होते हे विसरा. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, मुदत १०१ वर्षं, हेही विसरा. राज्यकर्त्या इंग्रजाला व्याजाने पैसे लावणारा घराणेदार सावकार आपल्या गावात होऊन गेला. कोणी आठवण करून दिलीच तर म्हणा, "ते महाराजांचं. आपलं काय त्यात?" इनामाच्या वेळी मात्र महाराज पुन्हा आपले.

उत्पन्नाची तुलना करताना नेहमी त्यांची उलाढाल घ्या आणि आपला हातात येणारा पगार घ्या. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात टिकाऊ डाव आहे. समजा कापडाचं एक दुकान वर्षाला एक कोटीची विक्री करतं. 'कोटी' हा शब्द कानात घुमू द्या. पुढचं कोणी विचारलं तरच सांगायचं: छोट्या व्यापाऱ्याचा नफा अंदाजाने धरायच्या आयकराच्या पद्धतीत रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के धरतात. आपण उदार होऊन भाडं, नोकर, वीज जाऊन ८ लाख सुटतात असं धरू. त्यात बाजारातून दीड टक्का महिन्याने उचललेल्या १० लाखांचं व्याज महिन्याला १५,०००, वर्षाचे १ लाख ८० हजार. राहिले ६ लाख २० हजार. दुकानात बाप आणि दोन मुलगे सकाळी दहापासून रात्री साडेनऊपर्यंत उभे. तिघांत वाटले तर माणशी महिन्याला सतरा हजारांच्या थोडं वर. ह्यात दिवाळीनंतर पडून राहिलेला माल आणि बुडालेली उधारी धरलेली नाही.

शेजारी आपले काका. मूळ पगार ८०,००० असताना निवृत्त झाले. पेन्शन निम्मी, ४०,०००, वर महागाई भत्ता. दुपारी दोन ते चार झोप. काकांच्या पश्चात काकूंना मूळ पगाराच्या ३० टक्के फॅमिली पेन्शन. दुकानदाराच्या पश्चात दुकानदारिणीला उधारीची वही. हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवायचे नाहीत, एवढं पथ्य पाळलं की पुरे. आणि १ जानेवारी २००५ नंतर राज्य सरकारात लागलेल्यांना ही जुनी पेन्शन लागूच नाही, हे काकांसमोर काढू नका. त्यांना वाटतं की मुलगा आळशी आहे.

कोणी 'त्यांच्यात एकी आहे हो' म्हटलं तर मान हलवा. ही एकी म्हणजे नक्की काय, हे बघायला बीसीत बसावं लागतं. वीस जण, दर महिन्याला माणशी ५,०००, जमले एक लाख. ज्याला गरज तो बोली लावतो. एकाने १२,००० सोडून ८८,००० उचलले, की ते १२,००० वीस जणांत वाटले जातात, प्रत्येकी ६००. म्हणजे त्या महिन्याचा हप्ता प्रत्यक्षात ४,४००. लग्नसराईच्या तोंडावर माल भरायचा असतो तेव्हा बोली चढते, पावसाळ्यात उतरते. बिघडतं कुठे, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत उचलणारा पुढचे हप्ते देत नाही तेव्हा. म्हणून त्याच्यामागे जामीन लागतो आणि जामीन मेहुणा किंवा शेजारचा गाळेवाला असतो. त्याला तोंड चुकवायची सोय नसते. एकी म्हणतात ती ही. सियागंजात बोहरी, जैन, अगरवाल सगळेच बीसी लावतात, पण ते मध्ये आणलं तर तुलना दोन समाजांची राहत नाही, नोकरी आणि बाजार यांची होते. मग मजा गेली.

आपल्याकडेही भिशी आहेच की. बारा बायका, हजार-हजार रुपये, चिठ्ठी काढायची, बोली नाही, बटाटेवडे आणि कैरीचं पन्हं. जिची चिठ्ठी निघाली तिचा मिक्सर बदलतो. साधन तेच. फक्त आपल्या भिशीत कोणी 'मला पुढच्या महिन्यात माल भरायचाय, हजार सोडते' म्हणालं तर तिला पुन्हा बोलवत नाहीत.

मालमत्ता मोजताना उलटा नियम लावा. इथे आपलं मोजायचं नाही. राजवाड्याजवळचा वाडा कागदावर कोट्यवधींचा आहे, पण वारस चौदा, त्यातले पाच पुण्यात, दोन अमेरिकेत, वाटणी झालेली नाही, आणि खालच्या दुकानातला भाडेकरू आजोबांच्या वेळेपासून नव्वद रुपये भरतोय. १९६१ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या आधाराने तो निर्धास्त, आणि वरच्या मजल्याची तुळई वाळवी खातेय. त्यांच्या खातीवाला टँक वस्तीतल्या चार मजली घरावर बँकेचं कर्ज आहे, ते मात्र मोजायचं नाही. घर दिसतं, हप्ता दिसत नाही.

'आपण' कोण, याची यादी कधी लिहून काढू नका. मनात ठेवा. लिहायला बसलात तर हुकुमचंद मिलमधले मराठी कामगारही त्यात येतील. मिल १९९१ ला बंद पडली आणि थकलेले पैसे हाती यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळांचं कुटुंब होतं, तिथे १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब जन्मले. तेही घर मराठीच. 'आपलं वैभव गेलं' म्हणताना ह्या लोकांचं कोणतं वैभव गेलं, असा प्रश्न पडू शकतो. तसंच 'ते' म्हणजे फक्त पाटीवाले. सिंधी कॉलनीतल्या एका खोलीत पापड लाटून विकणारी विधवा किंवा दुसऱ्याच्या दुकानात आठवड्याला पगार घेणारा सेल्समन 'ते'मध्ये धरला तर सरासरी खाली येते.

जनगणनेचा आधार घ्यायला जाऊ नका. जनगणना उत्पन्न विचारतच नाही. मातृभाषा विचारते, पण दोन्हीकडची नवी पिढी हिंदी सांगून मोकळी होते. आणि राज्याच्या तक्त्यात मराठी म्हणून जे दिसतात त्यात बऱ्हाणपूर, पांढुर्णा, सौंसरचे लोक आहेत, जे कुठून आलेच नाहीत, तिथलेच आहेत.

सगळ्यात हुशारीचं काम शेवटी. आपले जे पुढे गेले त्यांना हिशेबातून वगळा. ते सोपं आहे, कारण ते इथे नसतातच. इंजिनीअर झाला, हिंजवडीला गेला. डॉक्टर झाली, नागपूरला दिली. सिंध्याचा मुलगा बापाचं नाव पाटीवर ठेवून त्याच रस्त्यावर दुसरं दुकान काढतो. त्यांचं यश रस्त्यावर दिसतं, आपलं गणपतीच्या सुट्टीत चार दिवस येऊन जातं.

एवढं सगळं पाळलंत तरी एक जागा धोक्याची आहे. मुंजीचे आहेराचे कपडे घ्यायला क्लॉथ मार्केटात गेलात तर दुकानात फार वेळ टेकू नका. ठाण उलगडता उलगडता मालक विचारेल, "आपका बेटा किधर है, भाईसाहब?" तुम्ही 'पुणे' म्हणाल. त्याचा हात थांबेल. मग तो पंखा तुमच्याकडे वळवून म्हणेल की तुमचे लोक शिकले, पगार लागले, म्हातारपणी पेन्शन खातात; आमची पोरं दहावीपासून ह्या गल्ल्यावर अडकली, बघा. आकडे त्याच्याकडेही तयार असतात, आणि त्याचं सुरुवातीचं साल तुमच्यापेक्षा चांगलं निवडलेलं असतं. अशा वेळी मीटरचा भाव विचारा, बिल करा आणि उठा. मागची उधारी बाकी असेल तर मात्र चहा येईपर्यंत बसावंच लागेल.