उणे सात नग साबण कुठे ठेवलेला असतो?

बारकोड आला की मालाचा हिशेब आपोआप जुळतो, असे छातीठोकपणे सांगून दुकानदाराच्या गळ्यात सॉफ्टवेअर मारणाऱ्यांनी एकदा तरी वर्षअखेरीच्या स्टॉकमोजणीला आमच्याबरोबर उभे राहावे. पडद्यावर साबणाचा साठा उणे सात दिसतो आणि तोच साबण समोरच्या फळीवर रांगेने मांडलेला असतो. जो माल शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, तो खाली गेल्यावर एकदाही न बोंबलणाऱ्या प्रणालीला हिशेब ठेवणारी कसे म्हणावे?

हे कसे घडते, तेही गुपित नाही. एकाच किमतीच्या सहा वासांच्या वड्या काउंटरवर येतात, रांग वाढलेली असते, एकीवर स्कॅनर फिरवून नगसंख्येत सहा टाकले जातात. बिल बरोबर येते, पण एक वास उण्यात जातो आणि उरलेले पाच कागदोपत्री अमर होतात. पुढची मागणी हेच सॉफ्टवेअर काढते आणि जे फळीवर भरपूर आहे तेच पुन्हा मागवते! त्यात पेटीवरचा कोड वेगळा आणि आतल्या नगावरचा वेगळा. एका पेटीत किती नग, हे कुठल्यातरी आडबाजूच्या सेटिंगमध्ये भरले नसेल, तर आलेली अख्खी पेटी एक नग म्हणून जमा होते, तीही बिनतक्रार.

मुदतीचे तर बोलूच नये. नगावरचे ते १३ अंक फक्त वस्तू कोणती एवढेच सांगतात. बॅच आणि मुदत त्यांत नसतेच. तरीही विक्रेता ‘एक्स्पायरी अलर्ट’ मिरवतो, आणि प्रत्येक तारीख हाताने टाइप करायची असते हे पैसे भरल्यावर कळते.

सर्वांत संताप येतो तो वस्तूंची यादी चढवताना. स्प्रेडशीट लांबलचक कोडला साधी संख्या समजते, सुरुवातीचे शून्य गिळते, कधी शेवटच्या अंकांचीही शून्ये करून टाकते. चुकलेला अंक पकडता यावा म्हणूनच तेरावा अंक आधीच्या बारांवरून काढलेला असतो: त्यांना आळीपाळीने १ व ३ ने गुणायचे, बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते पाहायचे. दुकानात पहिला बारकोड २६ जून १९७४ रोजी स्कॅन झाला; इतक्या वर्षांनंतरही हे शाळकरी गणित न करता आमचे सॉफ्टवेअर मोडका कोड निमूट स्वीकारते आणि काउंटरवर, ग्राहकासमोर, ‘वस्तू सापडली नाही’ म्हणते.

मदतकेंद्राचे उत्तर ठरलेले आहे: प्रत्यक्ष मोजा आणि साठा ॲडजस्ट करा. म्हणजे चुकीचा माग पुसायचा, तोही आमच्याच हाताने. त्या नोंदीला कारण मात्र सक्तीने द्यावे लागते आणि यादीत चोरी, तूटफूट, मुदत संपली, इतर एवढेच पर्याय आहेत. ‘सॉफ्टवेअरचा घोळ’ हा पर्याय घालायला त्यांना अजून सवड झालेली नाही.