तेच ते, पुन्हा पुन्हा: मिसळ, चिवडा आणि नाचाचे अल्बम

‘सारखं तेच तेच तर वाजतंय!’ इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक, म्हणजे यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत, ऐकणाऱ्या प्रत्येकाला घरात हे ऐकावं लागतं. आमच्याकडे हे वाक्य काकांचं. काका दर रविवारी ठरलेल्या ठिकाणी मिसळ खातात आणि पहिल्या घासालाच सांगतात की आज खोबरं जरा जास्त भाजलं गेलंय. मला काकांना शब्दात पकडायचं नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की रोजच्या पदार्थात इतका बारीक फरक ज्याला कळतो, तो माणूस हे संगीत ऐकायला सगळ्यात लायक आहे. दोन्हीकडे गोष्ट तीच असते, आणि सगळी मजा तिच्यात झालेल्या छोट्या बदलात असते.

आधी मिसळीबद्दल, कारण नाशिककराने दुसरीकडून सुरुवात करू नये. आपल्याकडच्या मिसळीत मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर रस्सा वेगळा मिळतो ते. मटकीची उसळ, वर शेव-फरसाण, बाजूला कांदा, लिंबू, पापड, दही आणि रश्शाची वाटी. म्हणजे पहिला घास शेव कुरकुरीत असताना, दुसरा शेव अर्धी भिजल्यावर, आणि पाव संपत आला की तळाशी उरलेला दाट लगदा, ज्यात मटकी कुठली आणि शेव कुठली हे सांगता येत नाही. ताटातल्या वस्तू त्याच, पण पंधरा मिनिटांत चव तीनदा बदलते. काळ्या मसाल्याच्या रश्शाचं सगळं गणित भाजण्यात आहे. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, पण आणखी अर्धा मिनिट राहिलं की कडवटपणा येतो आणि तो मग कशानेही झाकत नाही. सातपूरपासून पंचवटीपर्यंत कुठेही जा, दोन ठिकाणचा रस्सा एकसारखा लागत नाही.

म्हणूनच चीज मिसळ मला मान्य नाही. चीज वितळलं की पहिला घास आणि शेवटचा घास एकच होतो. वरून मेयोनीज घातलेले प्रकारही आता गंगापूर रोडला मिळायला लागलेत, त्यांच्याबद्दल माझं मत वेगळं लिहायची गरज नाही.

आता ‘होमवर्क’. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा पहिला अल्बम, जानेवारी १९९७. घरातल्या बेडरूममध्ये यंत्रं मांडून केला म्हणून नाव होमवर्क. त्यातलं ‘अराउंड द वर्ल्ड’ हे सात मिनिटांचं गाणं म्हणजे ‘तेच तेच’ या आरोपाला पूर्ण शरण गेलेलं गाणं आहे. अख्ख्या गाण्यात शब्द तेवढे तीनच, आणि अल्बममधल्या पूर्ण गाण्यात ते १४४ वेळा येतात. पण बास, म्हणजे खालचा जाड सूर, ऐका. तो जिन्यावरून चढतो, उतरतो, मध्येच निघून जातो, आणि परत येतो तेव्हा बाकीचं सगळं तेच असूनही खोली वेगळी वाटते. सुरुवातीला आवाज बंद दाराआडून आल्यासारखा दबलेला असतो, मग फिल्टर हळूहळू उघडतात आणि वरचे सूर मोकळे होतात. नवीन काही न आणता एवढं घडवणं सोपं काम नाही.

ज्यांना ऐकून पटत नाही त्यांनी मिशेल गोंड्री या दिग्दर्शकाने केलेला या गाण्याचा व्हिडिओ बघावा. त्यात प्रत्येक वाद्याला नाचणाऱ्यांची एक टोळी दिली आहे. खेळाडू म्हणजे बास, ते पायऱ्या चढतात-उतरतात. सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे ड्रम मशीन, रोबो म्हणजे ते तीन शब्द. एकदा डोळ्यांनी हे थर वेगळे दिसले की कानांनाही वेगळे ऐकू येतात. मी हा व्हिडिओ घरात टीव्हीवर लावतो, आणि नाक मुरडणारी माणसंही शेवटपर्यंत बसतात.

चिवड्याचंही असंच. कोंडाजीचा चिवडा नाशिकबाहेर नेला की लोक मूठ मारतात आणि ‘छान आहे’ म्हणतात. पण चिवडा मुठीने खायचा पदार्थच नाही. चिमटीने खाल्ला तर एका चिमटीत तळलेला कांदा येतो, दुसरीत लसूण, तिसरीत नुसते पोहे आणि मसाला, आणि मग एखादीत खोबऱ्याचा काप. पुढच्या चिमटीत काय येणार हे माहीत नसतं म्हणून हात थांबत नाही. सायंताराचा साबुदाणा वडा मात्र याच्या उलट, त्यात काही शोधायचं नसतं, तो गरम असतानाच खायचा आणि बोलायचं नंतर. भेळभत्त्याला लोक गरिबाचं खाणं समजून मागे ठेवतात याचं मला खरंच वाईट वाटतं. मुरमुरे, शेव, शेंगदाणे, कांदा, हिरवी मिरची, लिंबू. कागदावर घेऊन उभ्याने खाल्ला तर संध्याकाळी पाचला याच्याइतकं चांगलं काही नाही.

आणि आता ज्या अल्बमसाठी ही पोस्ट लिहायला घेतली तो. १९८२ साली मुंबईत एचएमव्ही या कंपनीने एक रेकॉर्ड काढली, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वाजवणारे चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांमध्ये वर्षानुवर्षं वाजवलेले वादक. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बासचं छोटं यंत्र, आणि त्यांवर ललित, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग वाजवले. खाली एकसारखा ठोका, त्यावर घुमत राहणारा बास आणि वर रागाची बढत.

हे टीबी-३०३ यंत्र बासवादक नसेल तर गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून बनवलेलं होतं. त्या कामात ते सपशेल पडलं आणि १९८४ मध्ये कंपनीने बंदही केलं. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या फ्युचर या गटाने जुनी, स्वस्तात मिळणारी हीच यंत्रं घेऊन, त्यांची बटणं पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ केलं आणि तिथून ॲसिड हाऊस म्हणून एक अख्खी शैली जगभर पसरली. चरणजित सिंगांची रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षं आधीची. शिकागोवाल्यांनी ती ऐकली होती असं कुणी म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही. पण तंबोऱ्यासारखं खाली सतत काहीतरी धरून ठेवायचं आणि त्यावर सूर हळूहळू उलगडायचा, हे आपल्या माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही. तो त्याचा रियाजच होता. ‘तेच तेच’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, यमनाचा आलाप ऐकताना गंधारावर दहा मिनिटं थांबलेला गवई तुम्हाला चालतो ना? मग हेही चालायला हवं.

ही रेकॉर्ड तेव्हा खपली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली तेव्हा जगाला कळलं. चरणजित सिंगांनी उतारवयात युरोपात कार्यक्रम केले, लोक त्यांच्यासमोर नाचले, आणि २०१५ मध्ये ते गेले. हा अल्बम आपल्याकडे अजूनही मराठी घरांमध्ये पोचलेला नाही. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना तो उथळ वाटतो आणि पार्टीवाल्यांना ठाऊकच नाही. मला तो भारतातला सगळ्यात धाडसी अल्बम वाटतो आणि यात मी तसूभरही मागे हटणार नाही.

खरं तर नाशिकच्या माणसाला ठोक्याचं प्रेम समजावून सांगायलाच नको. आपला ढोल थेट केरळात ‘नासिक ढोल’ या नावाने वाजतो, तिथली मुलं पथकं काढतात. पथक रंगात आलं की ताशा वर बदलत राहतो आणि ढोल तोच ठोका धरून बसतो. पोटात जाणवतो तो ढोल, आणि तो हलत नाही म्हणूनच ताशाला मोकळीक मिळते. मिरवणुकीत ट्रकवर स्पीकरच्या भिंती लावून खिडक्या हादरवतात त्याला मात्र माझा विरोध आहे, आणि त्या गोंगाटापायी सगळं इलेक्ट्रॉनिक संगीत बदनाम होतं याचा जास्त राग येतो. न्यूक्लिया या भारतीय संगीतकाराचा ‘बास रानी’ हा २०१५चा अल्बम मिरवणुकीच्या रस्त्यावरून उचललेले आवाज घेऊन केलेला आहे, पण नीट ऐका, त्यात कितीतरी जागा मोकळ्या सोडल्यात. भिंती लावणाऱ्यांना त्या मोकळ्या जागाच कळत नाहीत.

पेयांकडे वळतो. मिसळीसोबत कोला मागवणाऱ्यांना विनंती आहे की तसं करू नका. मिरचीतलं कॅप्सायसिन, म्हणजे जळजळ करणारं द्रव्य, पाण्यात विरघळत नाही, आणि कोल्ड्रिंकमधला गॅस भाजलेल्या जिभेला आणखी टोचतो. दही-ताकातलं केसिन हे प्रथिन आणि स्निग्धांश ते कॅप्सायसिन धुऊन नेतात. मिसळीच्या ताटात दह्याची वाटी उगाच नसते. कोला प्यायचाच असेल तर थम्स अप, काचेच्या बाटलीत, भर दुपारी, सोबत काही न खाता. १९७७ साली कोका-कोला देशातून गेल्यावर पारलेने काढलेलं हे पेय, १९९३ मध्ये परत आलेल्या कोका-कोलानेच विकत घेतलं, तरी चवीतला तिखट झणका अजून आहे. (कोलाचा विषय निघालाच आहे तर, डाफ्ट पंकच्या २००१च्या ‘डिस्कव्हरी’मधल्या ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’चा पाया एडविन बर्डसाँगच्या ‘कोला बॉटल बेबी’ या १९७९च्या गाण्यातून घेतलेला आहे. दोन्ही पाठोपाठ ऐकून बघा.)

उसाचा रस आलं-लिंबू घालून आणि बर्फाशिवाय. कॉलेज रोडची कोल्ड कॉफी आईस्क्रीमच्या ओझ्याखाली कॉफी राहिलेलीच नाही. द्राक्षांचा रस काढू नये, द्राक्षं खावीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि आपण नाशिकमध्ये राहतो याबद्दल समाधान मानावं.

चहा मात्र पावसाळ्यासाठी, आणि पावसाळ्यासाठी माझा अल्बम ठरलेला आहे, बरियलचा ‘अनट्रू’, २००७. लंडनच्या या माणसाने तो साउंड फोर्ज नावाच्या साध्या ऑडिओ एडिटरमध्ये केला. ठोके आपोआप ओळीत बसवणारं सॉफ्टवेअर न वापरता, पडद्यावरच्या ध्वनीच्या लहरींकडे बघून एकेक ठोका हाताने ठेवला. त्यामुळे प्रत्येक ठोका किंचित मागे-पुढे पडतो. पार्श्वभूमीला पावसाची आणि जुन्या रेकॉर्डची खरखर. ‘यंत्रावरचं संगीत निर्जीव असतं’ असं कुणी म्हणालं की मी हा अल्बम पुढे करतो, बाकी वाद घालत नाही. गोदावरीला पाणी चढलेलं असतं, रस्ते ओले असतात, आणि सीबीएस या बस स्थानकाहून घरी येताना बसमध्ये याच्याइतकं दुसरं काही जुळत नाही.

बाकीचं झटपट. एविची या स्वीडिश डीजेचा ‘ट्रू’, २०१३: नाचाच्या ठोक्यावर बँजो आणि गावाकडच्या चाली आणल्या म्हणून मायामीच्या महोत्सवात लोकांनी आधी नापसंती दाखवली आणि पुढे त्यातलंच एक गाणं जगभर वाजलं. त्या मुलाने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी जग सोडलं, अजून वाईट वाटतं. पहिली तीन-चार गाणी सुंदर, पुढे अल्बम सैल पडतो. प्रॉडिजी या ब्रिटिश गटाचा ‘द फॅट ऑफ द लँड’, १९९७: व्यायामाला उत्तम, जेवताना अजिबात नको. डाफ्ट पंकचाच ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’, २०१३: ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरला, वादक एकाहून एक, ध्वनिमुद्रण अप्रतिम, आणि तरी माझा हात ‘होमवर्क’कडेच जातो. त्यात घरगुती खडबडीतपणा आहे, तो पुढे कितीही पैसा ओतला तरी परत आला नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी चरणजित सिंगांच्या ‘राग कलावती’पासून करावी, मग ‘अराउंड द वर्ल्ड’, आणि हे दोन्ही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. मोबाइलवर बास येतच नाही, म्हणजे रस्सा न घेता मिसळ खाल्ल्यासारखं होतं. घरात जुनी होम थिएटर सिस्टीम असेल तर ती पुसून जोडा. पूर्ण अल्बम ऐका, मधलं गाणं पुढे ढकलू नका. सोबत चिवडा पोह्यांचाच, मक्याचा नाही.