सप्लायर पिळला की नफा वाढतो? त्या फॉरवर्डला उत्तर

कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. धंदा टिकवायचा तर दर महिन्याला नवीन कोटेशन मागवा अन् सगळ्यात स्वस्तवाल्यालाच ऑर्डर द्या, ड्रॉइंग सोडून सप्लायरला काही सांगू नका, पेमेंट नव्वद दिवस लांबवा, एकावर अवलंबून राहू नका आणि पर्यावरण ही मोठ्या कंपन्यांची हौस. मी मशीन शॉप चालवतो, आणि नवीन पोरं हे खरं धरून चाललीत म्हणून लिहितोय.

आधी रेटचं बघू. कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीत वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला कच्चा भाग, किलोमागं दोन रुपयांनी स्वस्त पडलं, ठीक, पण आतला ब्लो होल, म्हणजे हवा अडकून राहिलेली पोकळी, दिसतो कधी, तर जॉब (तो भाग) निम्मा मशीन झाल्यावर. तोवर आपला मशीन अवर गेला, कापायचे इन्सर्ट झिजले, पोराचा वेळ गेला आणि तोच जॉब परत टेम्पोत बसून फाउंड्रीत वितळायला जाणार. इंडक्शन फर्नेसमध्ये टनभर लोखंड वितळवायला ६०० युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे रिजेक्ट मालाला ती दोनदा जळते आणि ते दोन रुपये कधीच संपलेले असतात.

सप्लायरला काही सांगू नका, हा तर सगळ्यात घातक सल्ला. होल नेमका कुठं येतोय हे फोटोसकट कळलं तर फाउंड्रीवाला रनर-रायझर (साच्यात धातू जायची अन् भरून राहायची वाट) बदलेल, हवा निघायचे व्हेंट वाढवेल. नुसती पैसे कापल्याची डेबिट नोट पाठवली तर पुढचा लॉट पण तसलाच येणार. मशिनिंग अलाउन्सचं, म्हणजे मशीनवर छिलायला ठेवलेल्या जादा जाडीचं पण तेच, तो भीतीपोटी ४-५ मिमी ठेवतो आणि आपण ते सगळं छिलून स्क्रॅपला घालतो. दोघांनी एकत्र बसून पॅटर्न (साचा करायचा नमुना) सुधारला आणि ३ मिमीत भागलं तर धातू, वीज, सायकल टाइम सगळंच वाचतं की! पर्यावरण म्हणजे आपल्या शॉपफ्लोअरवर हेच आहे. शिवाय सेबीनं २०२२-२३ पासून पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा रिपोर्ट सक्तीचा केलाय, त्यामुळं त्यांचे प्रश्न आज ना उद्या व्हेंडरपर्यंत येणारच.

नव्वद दिवसांचं सांगणाऱ्यानं सीएला विचारलेलं दिसत नाही. सप्लायर उद्यम नोंदणीचा मायक्रो किंवा स्मॉल उत्पादक असेल तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नसला तर १५. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकराचं ४३बी(एच) कलम लागू झालं, मुदत चुकली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देता त्याच वर्षी धरला जातो.

एकावर अवलंबून राहू नका, हे मात्र बरोबर आहे. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमधे आयसिन या पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली, टोयोटाचे ब्रेकचा दाब सांभाळणारे पी-व्हॉल्व्ह जवळपास सगळे तिथूनच यायचे, लाइनी बंद पडल्या. पण त्या परत सुरू झाल्या त्या बाकीच्या सप्लायरांमुळं, रेटची घासाघीस न करता त्यांनी व्हॉल्व्ह बनवायला घेतले, शिलाई मशीनवाली ब्रदर सुद्धा त्यात होती. एवढी माणसं दर महिन्याला व्हेंडर बदलणाऱ्यासाठी धावली असती असं मला वाटत नाही. तेव्हा दुसरा सोर्स जरूर ठेवा, फक्त दोघांनाही रिजेक्शनचा रिपोर्ट द्या, पुढच्या तीन महिन्यांचा ऑर्डरचा अंदाज द्या आणि पैसे वेळेत सोडा.