युकिओ तानी आणि माझी ती एक ओळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा बरंचसं पटलं, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये ज्युदो कसा रुजला यावरच्या लेखात मी लिहिलं होतं की 1918 साली जपानहून आलेल्या गुन्जी कोइझुमींनी तो लंडनमध्ये आणला. जपानी मल्ल युकिओ तानींना मात्र ‘नाटकगृहात पैजा लावणारा’ म्हणून एका ओळीत उडवून लावलं. तुमचं म्हणणं असं की तानी 1900 सालीच तिथे पोचले होते, तेव्हा पहिला मान त्यांचा. शिवाय ज्युदोत दर्जा दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्यांबद्दलही मी चुकलोय. आणि तानींना ‘तो’ म्हटलेलं तुम्हाला खटकलं. इथून पुढे ‘ते’.

त्या एका ओळीबद्दल माफी मागतो, कारण ती ओळ आळसातून आली होती. लंडनला आले तेव्हा तानी म्हणजे एकोणीस वर्षांचा पोरगा, वजन सत्तावन्न किलोच्या आसपास, भाषा येत नाही. बार्टन-राइट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने त्यांना आपल्या क्लबात शिकवायला आणलं, पण पुढे दोघांचं बिनसलं. मग ‘अपोलो’ या नावाने गाजलेल्या विल्यम बँकियर या ताकदवानाबरोबर तानी म्युझिक हॉलचे दौरे करू लागले. प्रेक्षकांतून कुणीही वर यावं, पाच मिनिटांच्या पुढे टिकेल त्या प्रत्येक मिनिटाला 1 पौंड न्यावा. अट एकच, अंगात जाकीट घालायचं. खरी मेख तिथेच होती. वर आलेला धिप्पाड गडी कंबरेला मिठी मारायला धावायचा, आणि त्याच्याच कॉलरने त्याचा गळा आवळला जायचा. आपल्याकडे जत्रेच्या फडात पैलवान फेरी मारून जोड मागतो, तशातलाच प्रकार. आपला गामा 1910 साली लंडनला गेला, तेव्हा त्यालाही आधी जाहीर आव्हानंच द्यावी लागली होती. तेव्हा पैजेची कुस्ती म्हणजे हलकं काम, हा माझा सूर चुकलाच.

पण पहिल्या मानाचा तुमचा मुद्दा मला मान्य नाही. तानींनी आणला तो जुजुत्सू, म्हणजे ज्युदो ज्यातून निघाला ती जुनी जपानी झुंजविद्या. 1906 साली तारो मियाके या दुसऱ्या जपानी मल्लाबरोबर त्यांनी जे पुस्तक काढलं, त्याच्या नावातही जुजुत्सूच आहे. मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना एडिथ गॅरड यांनी शिकवला तोही जुजुत्सूच. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी 1882 मध्ये कोडोकान हे आपलं ज्युदो केंद्र काढलं ते नुसते डाव शिकवायला नाही. घातक डाव बाजूला काढले, उरलेले बसवले, दर्जे ठरवले. फडात मैदान मारता येतं, पण तालीम चालवायची तर वस्ताद, रोजची मेहनत आणि कोण कुठवर आलाय याची नोंद लागते.

आता गंमत अशी, की हाच निकष लावला तर माझं 1918ही टिकत नाही. 26 जानेवारी 1918ला कोइझुमींनी व्हिक्टोरिया भागात, लोअर ग्रोव्हनर प्लेसमध्ये, बुदोक्वाई ही संस्था सुरू केली. पण ते स्वतः जुन्या जुजुत्सूत घडलेले, आणि तिथले पहिले वस्ताद कोण? तुमचे तानीच! हे माझ्या लेखात यायलाच हवं होतं.

ज्युदो आला तो 1920च्या जुलैत. अँटवर्पच्या ऑलिम्पिकला निघालेले कानो लंडनला उतरले, बुदोक्वाईत आले, आणि त्यांच्या सांगण्यावरून कोइझुमींनी अख्खी संस्था ज्युदोकडे वळवली. कोइझुमी आणि तानी, दोघांनाही कोडोकानचा दुसरा दान, म्हणजे काळ्या पट्ट्यातली दुसरी पायरी, मिळाला. फक्त दुसरा! वीस वर्षं इंग्लंडभर भल्याभल्यांना हार मानून हात आपटायला लावलेला माणूस, चाळिशीला आलेला, आणि तो ज्युनियरचा म्हणावा असा दर्जा घेतो. आपल्याकडचा एखादा नामी पैलवान तिथून उठून गेला असता. तानी राहिले. मला विचाराल तर ब्रिटनमधल्या ज्युदोचा खरा पाया हा आहे, आणि त्यात तानींचा वाटा तुम्ही म्हणता त्याहून मोठा आहे. फक्त साल 1900 नाही.

पट्ट्यांबाबत तुमचं शंभर टक्के बरोबर. रंगीत पट्टे पॅरिसमध्ये कावाइशी या जपानी ज्युदो शिक्षकाने काढले असं मी ठोकून दिलं होतं. बुदोक्वाईत ते 1920च्या दशकातच होते, आणि कावाइशी 1935च्या सुमारास पॅरिसला गेले त्याआधी लंडनमध्येच शिकवत होते. फ्रान्समध्ये त्यांनी ते घरोघरी पोचवले, इतकंच.

मूळ लेखात तिन्ही ठिकाणी दुरुस्ती केली आहे. तानींवर एक परिच्छेद वाढवलाय, त्यात 1937 नंतरचं लिहिलंय. त्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढे मॅटवर उतरता येईना, पण 1950 मध्ये जाईपर्यंत ते बुदोक्वाईत कडेला बसून पोरांचे डाव दुरुस्त करत होते. वाचून बघा, आणि पुन्हा कुठे घसरलो असेन तर कळवा.