फ्लामेंको म्हणजे कथक नव्हे. कृपा करून पुढे पाठवू नका

मजकूर साधारण असा असतो: स्पेनचं फ्लामेंको हे नाच-गाणं मुळात आपलं कथकच. हजार वर्षांपूर्वी राजस्थानातल्या कलावंतांनी ते तिकडे नेलं आणि जसंच्या तसं जपलं. गोऱ्यांनी नाव बदलून आपलं म्हणून खपवलं. त्यांचा बारा मात्रांचा ताल म्हणजे एकताल, सूर म्हणजे भैरवी, आणि त्यांच्या थोर संगीतकारानंही हे कबूल केलंय. अभिमान वाटला तर शेअर करा. खाली शेजारी शेजारी दोन नर्तकींचे फोटो.

व्हॉट्सॲपवर फिरत होता तोवर दुर्लक्ष केलं. पण परवा भाचीच्या कथक क्लासच्या कार्यक्रमात निवेदिकेनं तो माइकवरून वाचला आणि सभागृहानं टाळ्या दिल्या. घरी येताना ताई म्हणाली, "बघ, तुला एवढं संगीत कळतं, हे माहीत होतं का?" ताई, वाच आता.

आधी जे खरं आहे ते. मजकुरातले 'राजस्थानातले कलावंत' म्हणजे रोमा, म्हणजेच जिप्सी लोक. त्यांचे पूर्वज भारतातले, यात आता वाद नाही. त्यांची भाषा आपल्या हिंदी-पंजाबीच्या कुळातली, आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या मोठ्या अभ्यासातही धागा वायव्य भारताकडेच गेला. स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद 1425 ची, आरागॉनच्या राजानं दिलेल्या प्रवासाच्या परवान्यात. तिकडे त्यांना हितानो म्हणतात. फ्लामेंको घडवण्यात त्यांचा वाटा फार मोठा, हेही मान्य. इथवर मजकूर बरोबर आहे, आणि इथेच थांबला असता तर मी गप्प बसलो असतो.

आता कथक. आज आपण ज्याला कथक म्हणतो, ते तत्कार, चक्करं, परण, तबल्याशी सवाल-जवाब असलेलं नृत्य, ते लखनौ आणि जयपूरच्या दरबारांत 18व्या-19व्या शतकांत आकाराला आलं. तबलासुद्धा 18व्या शतकातला. रोमांचे पूर्वज त्याच्या कितीतरी शतकं आधी निघून गेलेले. शारंगदेव आपल्या देवगिरीला यादवांच्या दरबारी 'संगीतरत्नाकर' लिहीत होता, त्याच्याही आधी. जे घडलंच नव्हतं ते गाठोड्यात बांधून नेलं कसं?

शिवाय हे लोक इराण, आर्मेनिया, बायझंटाइन मुलूख, बाल्कन असे पसरत गेले. हंगेरीतल्या रोमांनी व्हायोलिनच्या वाद्यवृंदानं नाव कमावलं, रशियातल्यांनी समूहगायनानं. फ्लामेंको कुठेच नाही. ते फक्त दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात, त्यातही मुख्यतः सेव्हिल, हेरेस आणि कादिसच्या पट्ट्यात का उगवलं? कारण त्या मातीत आधीपासून फांदांगो ही लोकनृत्य-गाणी होती, तिथे राज्य केलेल्या मुस्लिम मूरांचा वारसा होता, अमेरिकेकडून बंदरात उतरणारी गाणी होती. कोकणातल्या बेने इस्रायली मंडळींनी बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. म्हणून कीर्तन जेरुसलेमहून आलं, असं कुणी म्हणत नाही.

बारा मात्रांचं प्रकरण तर हातानं टाळी देऊनच निकालात निघतं. एकतालात सम पहिल्या मात्रेवर. तान कुठूनही उठू दे, जीव त्या पहिल्या 'धिं'वर येऊन पडतो. आता सोलेआ हा फ्लामेंकोचा प्रकार मोजा: एक दोन *तीन* चार पाच *सहा* सात *आठ* नऊ *दहा* अकरा *बारा*. जोर तीन, सहा, आठ, दहा, बारावर. पहिली मात्रा रिकामीच जाते, आणि गिटारची ओळ मिटते ती दहावर. म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन असा लंगडा डोल. सेगिरिया नावाच्या प्रकारात तेच बारा ठोके वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतात. टांगोस हा प्रकार तर चारच मात्रांचा. आकडा जुळला म्हणून ताल जुळत नाही. भाचीला विचार, ती सांगेल एकताल आणि चौतालसुद्धा एक नाहीत ते.

भैरवीबद्दल थोडक्यात. कोमल रे, ग, ध, नी हे स्वर फ्लामेंकोत आहेत. तुर्की, ग्रीक, अरबी गाण्यातही आहेत. पण फ्लामेंकोतलं गिटार त्या स्वरांखाली ला, सोल, फा, मी (ही पाश्चात्य स्वरनावं) असे एकेक पायरी उतरणारे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, ठेवतं, आणि शेवटच्या कॉर्डात गंधार शुद्ध घेतं. भैरवीत हे कुठे बसवणार?

'थोर संगीतकारानं कबूल केलं' हा भाग मात्र चलाखीचा. हे स्पेनचे संगीतकार मान्युएल दे फाया. 1922 साली ग्रानादात लोकगायकांची स्पर्धा भरवली तेव्हा त्यांनी एक पुस्तिका लिहिली, आणि तीत भारतीय गाण्याशी तुलना खरंच आहे. सूक्ष्म स्वर, एकाच स्वराभोवती घोटाळणं, हे सारं त्यांनी दाखवलं. पण पुढचं कुणी वाचत नाही. फायांनी तीन गोष्टी मोजल्या: चर्चमधलं बायझंटाइन गायन, मूरांचं राज्य, आणि हितानोंचं आगमन. हे गाणं पूर्वेतून उपटून पश्चिमेत लावलेलं रोप नव्हे, फार तर कलम, असंच त्यांचं मत. त्याच वर्षी कवी लोर्कानं ग्रानादातल्या भाषणात तेच उचलून सांगितलं. कबुली म्हणून ज्याचा दाखला देता, तोच माणूस तुमच्या विरुद्ध साक्ष देतोय.

मला खरा राग येतो तो 'जसंच्या तसं जपलं' या शब्दांचा. स्पेनमध्ये 1499 सालापासून या लोकांवर फर्मानं निघत होती: साठ दिवसांत धंदा पकडून एका जागी बसा, नाहीतर देश सोडा. पुढच्या फर्मानांनी भाषा आणि पोशाखावरही बंदी घातली. जुलै 1749 अखेरीस तर एन्सेनादाचा मार्केस या मंत्र्यानं आखलेल्या मोहिमेत स्पेनभर एकाच वेळी धरपकड झाली. नऊ हजारांच्या आसपास माणसं पकडली. पुरुषांना नौदलाच्या गोद्यांमध्ये राबायला धाडलं, बायका-मुलं वेगळी ठेवली. कित्येकांची सुटका व्हायला 1760चं दशक उजाडलं. मार्तिनेते हा गाण्याचा प्रकार ऐका: गिटार नाही, टाळी नाही, कधी कधी ऐरणीवर हातोड्याचा ठोका आणि वर एकटा गळा. लोहारकाम करणाऱ्या हितानोंच्या गाण्यातून तो आला. तुरुंगावरची गाणी वेगळी, त्यांना कार्सेलेरास म्हणतात. हे दुःख तिथलं, बोली आंदालुसियाची. त्यावर आपण 'मूळ भारतीय' असा शिक्का मारतो, तेव्हा ज्यांनी ते सोसलं ते नुसते हमाल ठरतात.

'गोऱ्यांनी खपवलं' यालाही अर्थ नाही. सिल्व्हेरियो फ्रांकोनेत्ती हितानो नव्हता, बाप इटालियन; तो त्यांच्याकडून शिकला, मोठा गायक झाला आणि 1881 साली सेव्हिलमध्ये फ्लामेंकोचा कॅफे चालवू लागला. प्रसिद्ध गिटारवादक पाको दे लुसियाही हितानो नव्हता. हितानो आणि इतर, दोघांनी मिळून हे उभं केलं.

आणि ते अजून बदलतंच आहे. फोटोत दिसते ती लाकडी पेटी, काहोन, आपल्या ढोलकीची बहीण वगैरे काही नाही. पेरूमधल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचं ते वाद्य, पाकोनं 1970च्या दशकाच्या शेवटी उचललं. सतारीचा पुरावाही कुणीतरी देईलच, म्हणून आताच सांगतो: कामारोन या हितानो गायकाच्या 1979च्या 'ला लेयेंदा देल तिएम्पो' या रेकॉर्डमध्ये सतार आहे, वाजवणारा सेव्हिलचा रॉकवाला, ग्वालबेर्तो. सोबत इलेक्ट्रिक बास आणि ड्रम. तेव्हा जुन्या वळणाच्या हितानो श्रोत्यांनी "हा आमचा कामारोन नव्हे" म्हणत ती रेकॉर्ड दुकानात परत नेऊन दिली, असं सांगतात.