झाडं ओळखायला शिकवणारा मास्तर

उपेंद्रनाथ कांजीलाल हे नाव आपल्याकडे वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांनाही फारसं ठाऊक नसतं. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

डेहराडूनला १८७८ साली फॉरेस्ट स्कूल निघालं. रेंजर व्हायला आलेल्या पोरांना शिकता यावं म्हणून आसपासचं जंगलच शाळेला जोडून दिलेलं होतं. खाली शिवालिकच्या टेकड्या, वर जौनसारचे डोंगर. त्या टापूला म्हणायचेच 'स्कूल सर्कल'. कांजीलाल तिथे शिकवायचे आणि १९०१ साली त्यांनी त्याच टापूतल्या झाडाझुडपांवर पुस्तक काढलं. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरची 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' तोवर पुरी झाली होती (फ्लोरा म्हणजे एखाद्या मुलखातल्या सगळ्या वनस्पतींची वर्णनासह यादी), पण तिचे सात खंड! रेंजरने ते जंगलात न्यायचे कसे, आणि नेले तरी अख्ख्या हिंदुस्थानातल्या हजारो जातींतून आपल्या नाल्याकाठचं झाड हुडकायचं कसं? एका मुलखापुरतं, वर्गातल्या पोरांच्या हाती देता येईल असं पुस्तक हवं होतं. ते जंगल पायाखालून घातलेल्या मास्तरानेच लिहायला हवं होतं.

त्या सर्कलमध्ये शिकणं किती भाग्याचं असेल! पायथ्याशी साल, नदीच्या गोट्यांत खैर आणि शिसम, मग चीड म्हणजे पाइन, आणि जौनसारातल्या चक्रात्याच्या वर देवबनला देवदार. वर चढताना ओकही बदलत जातात. बांजचं पान उलटं केलं की मागची बाजू राखाडी-पांढरी दिसते. त्याच्या वरच्या पट्ट्यात मोरू, त्याचं पान दोन्हीकडून हिरवं. आणखी वर खरसू, त्याच्या पानाची मागची बाजू गंजासारखी तपकिरी. ज्याला ही तीन पानं ओळखता आली, त्याला आपण साधारण किती उंचीवर आहोत हे नकाशा न उघडता कळतं. फूल नाही, फळ नाही, नुसतं एक पान. हे फळ्यावर शिकवता येत नाही, झाडाखाली उभं राहूनच शिकवावं लागतं.

पुढे कांजीलाल आसामात गेले. तेव्हाचा आसाम म्हणजे आजचं मेघालय, नागालँड, मिझोरामही त्यात. देशातल्या सगळ्यात गुंतागुंतीच्या झाडोऱ्याचा हा मुलूख, आणि त्याची नोंद करायचं काम त्यांनी उतारवयात अंगावर घेतलं. 'फ्लोरा ऑफ आसाम'चा पहिला खंड १९३४ साली निघाला, तेव्हा ते हयात नव्हते. इतरांनी ते काम पुढे नेलं, गवतांचा शेवटचा खंड वनस्पतिशास्त्रज्ञ बोर यांनी लिहिला आणि १९४० साली ग्रंथ पुरा झाला. ईशान्येतल्या झाडांवर काम करणाऱ्याला आजही त्याच्यापाशी जावंच लागतं.

आज त्याच डेहराडूनहून भारतीय वन सर्वेक्षण देशाचं वनाच्छादन मोजतं. त्यांची व्याख्या अशी: किमान एक हेक्टर जागा आणि दहा टक्के वृक्षछत्र असलं की ते वनाच्छादन, मग झाड कुठल्याही जातीचं असो. म्हणजे जुनं सालवन आणि निलगिरीची लागवड दोन्ही एकाच बेरजेत. उपग्रहाला माझा विरोध नाही, तो हवाच. पण ती हिरवळ नेमकी कशाची, हे सांगणारा माणूस जमिनीवर नसेल तर त्या आकड्यावर खूश कशासाठी व्हायचं?

असा माणूस एका सेमिस्टरमध्ये घडत नाही. त्याला एकाच मुलखात वर्षानुवर्षं राहू द्यावं लागतं, आणि आपण नेमकं तेच होऊ देत नाही. अधिकाऱ्याला झाडं कळू लागतात तोवर बदलीची ऑर्डर येते. प्राध्यापकाला पेपर मोजून बढती मिळते, आणि एका तालुक्याच्या वनस्पतींची नीट यादी करण्यात गेलेली दहा वर्षं त्या हिशेबात कुठे बसतच नाहीत.

वनशास्त्राच्या प्रत्येक कॉलेजला स्वतःचं जंगल जोडून द्या. तिथे एक मास्तर असा नेमा की ज्याला कुणी हलवणार नाही. आणि त्याचं काम तपासायचं झालं, तर त्याच्या विद्यार्थ्यांना फुलं नसलेल्या महिन्यात जंगलात न्या आणि झाडं ओळखायला सांगा.